‘अण्णा, काय तर चावलंय बघा’ : सोलापुरात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

माझं औषधांचं दुकान अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला आहे. एका अंगाला यंत्रमागाचे कारखाने, दुसऱ्या अंगाला विडी कामगारांची घरं, आणि मधल्या मोकळ्या प्लॉटवर गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या भाड्याच्या खोल्या. २३ वर्षं गल्ल्यावर बसतोय. मार्च उजाडला की एक वाक्य रोज कानावर येतं, ते थेट दिवाळीपर्यंत: “अण्णा, काय तर चावलंय बघा. एखादं मलम द्या की.”

जुना सोलापूरकर एवढं बोलून कोपर पुढं करतो. नवीन माणूस, म्हणजे कॉलेजसाठी आलेली पोरं, बदलीवर आलेले बँकवाले, चिंचोळी एमआयडीसीत लागलेले कामगार, आधी मोबाइल पुढं करतो. त्यात एका किड्याचा हललेला फोटो. “हा विषारी आहे का?” त्या फोटोवरून मलाही काही कळत नाही, आणि कळायची तेवढी गरजही नसते. किडा कुठला हे नंतर बघता येतं. आधी चावलेला माणूस बघायचा. पुढं जे लिहितोय ते सगळं या एकाच सवयीभोवती आहे.

पहिली दहा मिनिटं

मी तीन गोष्टी विचारतो. कधी चावलं? आत्ता कसं वाटतंय? आणि चावलं ती जागा सोडून अंगात दुसरीकडं कुठं काही होतंय का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर बहुतेक वेळा घरीच निभतं. लाली, सूज, आग, ठणका, खाज हे सगळं चावल्या जागी असणारच. पण चावलं हाताला आणि गांध्या उठल्या पोटावर, ओठ-पापण्या सुजल्या, आवाज घोगरा झाला, घसा आवळल्यासारखा वाटतोय, छातीत घरघर, उलटी, चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी, यातलं काहीही दिसलं तर माझ्या दुकानात येऊ नका. १०८ लावा. ही तीव्र ॲलर्जी असते आणि बहुतेकदा काही मिनिटांत, फार तर तासाभरात उफाळते. तिच्यावर खरं औषध एकच, मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. आधी सेट्रिझिन देऊन बघू म्हणत बसू नका. ती गोळी खाज कमी करते, बंद होत चाललेला श्वास मोकळा करत नाही.

रुग्णवाहिका येईपर्यंत माणसाला आडवं झोपवा, पाय उशीवर उंच करा. दम लागत असेल तर बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. उभं करून चालवत नेऊ नका. आपल्याकडं मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्यायची पद्धत आहे. अशा माणसाचा रक्तदाब आधीच खाली गेलेला असतो, त्यात ताठ बसवलं तर शुद्धच हरपते. गाडी येत नसेल तर रिक्षात मागं आडवं टाका आणि जवळच्या दवाखान्यात न्या. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी लगेच घरी यायची घाई नको. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो, म्हणून डॉक्टर थांबवून घेतात.

ज्याला एकदा असं झालंय त्यानं पुढच्या वेळेची तयारी डॉक्टरांशी बोलून आधीच करून ठेवावी. पुढची खेप याहून हलकी जाईल असं धरून चालू नये.

साधा चावा

डास, मुंगी, मुंगळा, पिसू, एखाददुसरी मधमाशी. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा. हाताला चावलं असेल तर अंगठी, बांगडी, घड्याळ आधी काढा. सूज चढल्यावर अंगठी निघत नाही आणि मग सोनाराकडं कापायला जावं लागतं. बर्फ रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा. फ्रीज नसेल तर माठातल्या पाण्याची ओली घडी चालते. मग कॅलामाइन, किंवा फार खाज असेल तर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं मलम, दिवसातून दोनदा, चार-पाच दिवस. रात्री झोप लागत नसेल तर मोठ्या माणसाला सेट्रिझिन १० मिलिग्रॅम एक. तिनं पेंग येते. पाळीवर निघालेल्या मागवाल्याला मी ती दिवसा देत नाही; धोटा पळत असताना डुलकी परवडत नाही. लहान पोरांना वजन बघून औषध द्यायचं असतं, ते डॉक्टरांना विचारून.

आता दुकानदार असून सांगतो, काय मागू नका. ‘खाजेवर ते ट्यूब द्या, शेजारच्यानं लावलं होतं’ म्हणून जे मागितलं जातं त्यात बहुतेकदा तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही कालवलेलं असतं. दोन दिवसांत खाज जाते, म्हणून माणूस खूश. मग तेच नायट्याला लावतो, बाळाच्या गालाला लावतो. कातडी पातळ होते आणि नायटा असा चिवट होतो की त्वचारोगतज्ज्ञही डोक्याला हात लावतो. चाव्यासाठी ते नको.

चुनाही नको. आमच्या भागात खिशात चुन्याची डबी असणारी माणसं पुष्कळ, त्यामुळं काही चावलं की पहिला उपाय तोच. खरोखर गुण आलाय असं वाटतं, कारण चुन्याच्या आगीपुढं चाव्याची आग कळत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं चावा दाखवायला येतात तेव्हा निम्मं काम भाजलेल्या जागेचं असतं.

एक गोंधळ नेहमीचा. गांधीलमाशी चावली, दुसऱ्या दिवशी सगळा पंजा सुजला, लोक घाबरून अँटिबायोटिक मागतात. दंशाची सूज पहिले दोन दिवस वाढतच जाते, मग उतरते. ते विषाचं काम आहे, पू नव्हे. तरी खात्री हवी असेल तर बॉलपेननं लालीच्या कडेनं रेघ मारा. दोन-तीन दिवसांनंतरही लाली रेघ ओलांडून पुढं चाललीय, जागा गरम लागते, पू दिसतोय किंवा ताप आलाय, तर डॉक्टर. मधुमेह असलेल्यांनी, पायावरचा चावा खाजवून फोडला असेल तर, एवढीही वाट बघू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर त्याच खेपेत विचारून घ्या.

विंचू

इथं थोडा थांबून लिहितो, कारण पुण्या-मुंबईहून आलेल्यांना हे ऐकूनच माहीत असतं.

आपला भाग दगडाचा, उन्हाचा, कमी पावसाचा. विंचवाला आणखी काय हवं? दिवसा तो दगडाखाली, विटांच्या थप्पीत, कडब्याच्या गंजीत, गोवऱ्यांच्या ढिगात, जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराच्या फटींत बसतो. रात्री बाहेर पडतो. वळवाचा पाऊस पडला, बिळांत पाणी गेलं की घरात शिरतो. तो किडा नव्हे, आठ पायांचा कोळ्याच्या जातकुळीतला प्राणी. पण चावल्यावर हे कुणी मोजत नाही.

दोन प्रकार ओळखता आले तरी पुष्कळ. मोठा, काळा, जाडजूड नांग्यांचा तो इंगळी म्हणून दाखवतात. दिसायला भयंकर, पण त्याचं विष सहसा जिवावर बेतत नाही. खरी भीती तांबड्याची. तो बोटाएवढा, तांबूस-पिवळट, पुढच्या नांग्या बारीक आणि शेपूट मात्र जाड. लक्षात ठेवायची सोपी खूण: पुढून किरकोळ, मागून दांडगा, तो वाईट. पण अंधारात शेपूट मोजत बसायचं नाही. विंचू कुठलाही असो, दवाखाना.

तांबड्याच्या विषानं शरीरातली तणावाची संप्रेरकं धो-धो सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, आणि पुढं फुप्फुसात पाणी भरू शकतं. बाहेरून दिसतं ते असं: दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, छातीत धडधड, तोंडाला लाळ, लहान पोरगं अस्वस्थ होऊन किरकिरतं, मुलग्यांच्या लिंगाला ताठरता येते. ही शेवटची खूण लाजून लपवतात. लपवू नका, डॉक्टरांना तीच आधी ऐकायची असते.

आणि एक उलटी गोष्ट. चावल्या जागी असह्य कळ, माणूस आरडाओरडा करतोय, पण घाम नाही, हातपाय ऊबदार, तर तो बहुधा सुटतो. ज्याला ठणका फारसा नाही पण गप्प पडलाय, कपाळावर घाम आणि तळवे गार, तो धोक्यात असतो. घरचे मात्र ओरडणाऱ्याभोवती गोळा होतात.

हे मी माझ्या घरात बघितलंय. मंगळवेढ्याकडं आमच्या नात्यात ज्वारीची काढणी चालली होती. पेंढी उचलताना नऊ वर्षांच्या पोराच्या बोटाला विंचवानं नांगी मारली. पोरगं थोडं रडलं आणि गप्प झालं. ‘उतरलं वाटतं’ म्हणून सगळे पुन्हा कामाला. मग कुणीतरी म्हणालं, गावात विंचू उतरवणारा आहे, नेऊन आणू. तिथं दोन तास गेले. मला फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, त्याचे पाय धरून बघ, कसे लागतायत? पलीकडं क्षणभर कुणी बोललं नाही. “गार हायती. शर्ट पिळून काढावा इतका घाम हाय.” तिथून जीपनं आणलं. दोन रात्री दवाखान्यात काढून पोरगं वाचलं. मंत्र घालणाऱ्याचं नाव तरीही गावात टिकून आहे, कारण त्याच्याकडं येणाऱ्या बहुतेकांची कळ काही तासांनी आपोआपच कमी होणारी असते.

दवाखान्यात काय होतं ते माहीत असलं की माणूस लवकर जातो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात विंचूदंशानं मरणारी पोरं बघितली, १९८२ मध्ये या दंशाच्या हृदयावरच्या लक्षणांबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, आणि पुढं प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध या दंशावर वापरून दाखवलं. आवळलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करतं. विंचवाची लसही, म्हणजे चावल्यावर द्यायचं प्रतिविष, आहे. २०११ मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लस आणि प्राझोसिन मिळून दिलेल्या रुग्णांची सुधारणा नुसत्या प्राझोसिनपेक्षा लवकर झाली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे वाचून कुणी माझ्याकडं प्राझोसिनची पट्टी मागायला येऊ नका. रक्तदाब मोजल्याशिवाय आणि माणूस आडवा असल्याशिवाय ते देण्यात अर्थ नाही.

तुम्ही करायचं एवढंच. दंश झालेला हात-पाय हलवू नका, जागा धुवा, बर्फ लावा, घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि निघा. दोरीनं आवळू नका. ब्लेडनं चिरू नका, चोखू नका. पोटॅशियम परमँगनेटवर लिंबू पिळण्याचा जुना उपाय कातडी जाळतो. शहरात असाल तर ‘सिव्हिल’, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, कुणालाही विचारलं तरी रस्ता दाखवतील. गावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय गाठा. लहान मूल ठीक दिसलं तरी डॉक्टर २४ तास ठेवून घेतील. कुरकुर करू नका.

टाळायचं कसं? गावाकडं बूट घालताना आधी उलटा करून आपटतात, ते उगाच नाही. अंथरूण झाडून घालायचं, खाट भिंतीपासून हातभर लांब ओढायची, खाली लोंबणारी चादर वर खोचायची. खोलीबाहेर विटा, फरशीचे तुकडे, जुनं लाकूड यांचा ढीग नको. रात्री अंगणात अनवाणी नको. जांभळ्या प्रकाशाची अतिनील बॅटरी ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळते. तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. माळवदाच्या किंवा पत्र्याच्या घरात राहायला गेलात तर पहिल्या रात्री ती एकदा भिंतींवरून फिरवा. कोपऱ्यातला तो हिरवा ठिपका एकदा दिसला की बूट झाडायची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही.

आणि हुरडा. डिसेंबर-जानेवारीत कुणीतरी तुम्हाला शेतावर बोलावणारच, आणि जायलाच हवं. शेंगाचटणी, दही आणि आगटीतून काढलेली कणसं, यासाठी सोलापुरात राहावं. पण ‘जरा गोवऱ्या आण रे’ म्हटलं की शहरी पाहुणा उत्साहानं ढिगात हात घालतो. थांबा. आधी काठीनं वरची गोवरी उलटी करा, मग उचला. शेतकरी हेच करतो. त्याची सवय इतकी जुनी की तुम्हाला सांगायचंही त्याच्या लक्षात राहत नाही.

काही चावलंच नाही, तरी

एक गोष्ट किड्यांची नाही, पण इथं सांगायलाच हवी. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखू लागलं, घसा दुखतोय, पापण्या उघडत नाहीत, बोलणं जड झालंय, आणि अंगावर नीट खूणही नाही, तर तो मण्यार सापाचा चावा असू शकतो. तिचा चावा दुखत नाही, सुजत नाही. डास चावला समजून लोक पुन्हा झोपतात. पापण्या पडू लागल्या की किडा-मुंगीचा विचार सोडा आणि माणसाला हलू न देता थेट मोठा दवाखाना गाठा.

मोहोळ

उंच पाण्याच्या टाक्या, जुन्या दगडी भिंती, पिंपळ, अपार्टमेंटचे छज्जे. तिथं लोंबणारं ते हातभर मोठं, उघडं, काळपट पोळं आग्या मोहोळाचं. या माश्या चिडल्या की झुंडीनं येतात. चिडतात धुरानं, दगडानं, पोळ्यात अडकलेल्या मांजानं. शेतात हुरड्याची आगटी पेटवायच्या आधी वर झाडाकडं एकदा मान करून बघा.

झुंड आली तर हात हलवू नका, तोंड टॉवेलनं झाका आणि सरळ रेषेत पळा, जवळच्या बंद खोलीत किंवा गाडीत, काचा वर. विहिरीत-तळ्यात उडी टाकू नका. त्या वर घिरट्या घालत थांबतात आणि माणूस बुडतो. माशी चिरडली की तिच्या अंगातून जो वास सुटतो तो पिकलेल्या केळ्यासारखा, आणि तो इतर माश्यांना ‘इथं मारा’ असं सांगतो. म्हणून मारत बसू नका.

मधमाशीचा काटा कातडीत राहतो, त्याला विषाची पिशवी लटकलेली असते आणि ती पुढं काही वेळ विष सोडतच राहते. पूर्वी सांगायचे, चिमट्यानं धरू नका, कार्डानं खरवडा. आता कळलंय की पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाचा. नखानं काढा, कशानंही काढा, पण लगेच काढा. गांधीलमाशीचा काटा राहत नाही, म्हणून ती एकटीच चार-पाच वेळा डसते.

एखाददुसरा दंश घरी निभतो. तोंडाच्या आत किंवा घशात चावलं असेल, लहान मुलाला दहाएक दंश झाले असतील, किंवा मोठ्याला मोजता येत नाहीत इतके असतील, तर ॲलर्जी नसली तरी दवाखाना. इतक्या विषाचा मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो, आणि तो दुसऱ्या दिवशी कळतो. पोळं स्वतः काढायला जाऊ नका. घरमालकाला सांगा, जाणकार माणूस बोलवा. रात्री काडी लावून पोळं जाळणं हा पराक्रम नाही.

पाणी येणार त्या दिवसाचं गणित

सोलापूरचा डास समजायचा असेल तर सोलापूरचं पाणी समजून घ्या. उजनीहून शंभरेक किलोमीटरवरून पाणी येतं आणि नळाला रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. म्हणून प्रत्येक घरात हौद, सिंटेक्स, निळी बॅरलं, घागरी, बादल्या. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात दोन बॅरलं विकत घेतो, आणि नकळत डासांचीही सोय करतो.

डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास असल्याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. गटारात वाढतो तो क्युलेक्स, रात्री कानाशी गुणगुणणारा. एडिस दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि सूर्य कलताना जास्त, आणि पायाच्या घोट्यांभोवती जास्त. काळ्या अंगावर पांढरे पट्टे. मच्छरदाणी रात्रीची लावून दिवसभर हाफ पँटवर बसणाऱ्या पोरांना तो घोट्याला गाठतो.

अंडं ते डास हा प्रवास उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ ते दहा दिवसांत होतो. म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. आता सोलापूरकराचा रास्त सवाल: पाणी परवा येणार, आणि आज बॅरल ओतून देऊ? देऊ नका. आमच्याकडं असं करतात. पाणी येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी बॅरलात तळाला जेवढं उरलंय ते जुन्या सुती साडीच्या चौघडी फडक्यातून बादलीत गाळायचं. फडक्यावर वळवळणाऱ्या अळ्या दिसतील; फडकं उन्हात टाकलं की त्या मेल्या. ते पाणी कपड्याला, फरशीला. मग रिकामं बॅरल आतून काथ्यानं किंवा ब्रशनं घासायचं, विशेषतः पाण्याची रेघ जिथं उमटते त्याच्या वर. एडिसची अंडी त्या रेघेवर काळ्या ठिपक्यांसारखी चिकटतात आणि कोरड्यात महिनोन् महिने जिवंत राहतात. नुसतं ओतून पुन्हा भरलं तर ती भिजतात आणि फुटतात. म्हणून घासणं महत्त्वाचं, ओतणं नव्हे. नवीन पाणी भरलं की तोंडाला फडकं ताणून दोरीनं बांधायचं. झाकण नुसतं ठेवलं तर फटीतून डास जातो.

आणि कूलर. एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांत कूलरशिवाय झोप नाही, हे मान्य. पण जूनमध्ये पाऊस आल्यावर तो कोपऱ्यात उभा राहतो आणि टाकीत चार बोटं पाणी तसंच राहतं. दर आठवड्याला टाकी पुसा, हंगाम संपला की गवत काढून उन्हात वाळवा. फ्रीजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचं टायर, मोरीतलं न वापरलेलं तांब्याचं घंगाळ, हे सगळं त्याच फेरीत. हौद उपसताच येत नसेल तर महापालिकेच्या आरोग्य खात्याकडं गप्पी मासे मागा. घरोघरी फिरणारे कर्मचारी अळीनाशक टाकायला आले तर दार लावून घेऊ नका, आणि ते गेल्यावर स्वतःच्या मनानं आणखी काही ओतू नका.

डास पळवणारं मलम घोट्यांना आणि पावलांना लावा, नुसतं हाताला नको. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावू नका, त्याला मच्छरदाणी. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळणं म्हणजे डासाबरोबर स्वतःलाही धुरी देणं.

अचानक भरपूर ताप, डोळ्यांमागं दुखणं, अंग मोडल्यासारखं, तर फक्त पॅरासिटामॉल आणि पाणी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको, गोळी नको आणि सुईही नको. डेंगी असेल तर रक्तस्राव वाढतो. पहिल्या पाच दिवसांत एनएसवन ही डेंगीची रक्ततपासणी उपयोगी पडते. खरी काळजी ताप उतरल्यावर घ्यायची. लोक तेव्हाच ‘सुटलो’ म्हणून कामावर जातात, आणि तेव्हाच पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, लघवी कमी होणं ही लक्षणं दिसतात. ती दिसली की भरती. पपईच्या पानांचा रस पिऊन प्लेटलेट मोजत घरी बसू नका.

न चावता भाजणारे

पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर किंवा पोटावर जळल्यासारखी लांब लाल रेघ, वर बारीक फोड. आरशात बघून लोक हादरतात: नागीण झाली! बहुतेकदा ती नागीण नसते. मुंगीएवढा, लांबट, तांबडा-काळा पट्टेदार एक भुंगेरा दिव्याकडं येतो, अंगावर बसतो आणि आपण झोपेत तो हातानं चिरडतो. त्याच्या अंगातल्या रसानं कातडी भाजते. कोपराच्या घडीत झाला तर घडीच्या दोन्ही बाजूंना छापल्यासारखा सारखाच डाग उठतो. डॉक्टर या भुंगेऱ्याला पेडेरस म्हणतात. अंगावर बसला तर फुंकर मारा, चिरडू नका. चिरडलाच तर लगेच साबणानं धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. झोपताना खिडकीजवळचा दिवा बंद करा. नागीण ओळखायची तर: आधी दोन-तीन दिवस त्या पट्ट्यात दुखतं, मग फोड येतात, आणि ते अंगाच्या एकाच बाजूला असतात. ती वाटली तर तीन दिवसांच्या आत डॉक्टर, औषध लवकर सुरू केलं तरच कामाचं. बाजरी फुलोऱ्यात आली की शेतातले हिंगे नावाचे भुंगेरे हाताला लागूनही असेच फोड येतात.

शेवग्याच्या बुंध्यावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे थवे चिकटतात. शेंगा काढायला हात लावला की खाज आणि गांध्या. चोळू नका, केस आणखी आत जातात. चिकटपट्टी लावून ओढा, दोन-तीनदा, मग धुवा. ही युक्ती मला एका शेवगेवाल्या आजीनं सांगितली. दुकानात त्यासाठी औषध नाही, चिकटपट्टी आहे.

ढेकूण, गोचीड आणि उरलेले

वसतिगृहात किंवा जुन्या पलंगावर सकाळी ओळीनं तीन-चार लाल टिपके दिसले तर ढेकूण. गादीच्या शिवणीत काळे डाग बघा. मलमानं ढेकूण जात नाहीत. चादरी कडकडीत पाण्यात भिजवा. सोलापूरचं ऊन इथं कामाला येतं: कपडे-पांघरूण काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मे महिन्याच्या दुपारी स्लॅबवर टाका, आतली उष्णता ५० अंशांपुढं गेली आणि तासभर टिकली की ढेकूण मरतात. जाड गादीच्या पोटात ती पोचत नाही, तिथं कीटकनाशकवाला लागतो. शेतीचं औषध खोलीत फवारू नका. हे मला दरवर्षी कुणाला तरी सांगावं लागतं.

गोचीड कुत्र्या-गुरांकडून येतो. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी काही नको. गवतात, बांधावर फिरून आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप आला आणि काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी, न दुखणारी खपली दिसली, तर ती डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. स्क्रब टायफस (गोचिडाचा नव्हे, गवतातल्या बारीक माइटच्या अळीच्या चाव्यानं होणारा ताप) असेल तर साधं डॉक्सिसायक्लिन पुरतं, पण ती खपली कुणी कपडे बाजूला करून बघतच नाही.

गोमीचा चावा फार ठणकतो, बहुतेकदा तेवढाच. सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास हात बुडवून ठेवला की ठणका उतरतो. पाणी आधी चांगल्या हातानं तपासा.

घरात काय ठेवायचं विचाराल तर माझी पुडी छोटी आहे: कॅलामाइन, एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन, सेट्रिझिनची एक पट्टी, पॅरासिटामॉल, चिमटा, चिकटपट्टी आणि बॉलपेन. सगळं मिळून तीन-चारशे रुपयांत बसतं. यातलं चिमटा-बॉलपेन माझ्याकडं मिळत नाही, ते शेजारच्या जनरल स्टोअरमध्ये. आणि विंचू चावला तर तो बाटलीत पकडून दुकानात आणू नका. मागच्या जूनमध्ये एकानं आणला; झाकण सैल होतं, आणि आम्ही दोघं तासभर खोकी सरकवत गल्ल्याखाली त्याला शोधत होतो. चावलेला भाऊ बाहेर रिक्षात बसून होता. त्याला आधी पाठवलं.